लोकल कधीच ओव्हरलोड होत नाही

19 ऑगस्ट 2025. मुंबईत पाऊस कोसळत होता, हार्बर मार्ग पाण्यामुळे बंद पडला होता, आणि घर गाठायचं म्हणून लोक मिळेल त्या वाहनाकडे धावत होते. त्यातले बरेचजण मोनोरेलच्या स्थानकांत शिरले. संध्याकाळी चेंबूरच्या म्हैसूर कॉलनीजवळ एक गाडी उंच खांबांवरच अडकली. वीज गेली, एसी बंद, दारं बंद. अग्निशमन दलाने शिड्या लावून 582 प्रवाशांना काही तासांनी खाली उतरवलं. मग मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, म्हणजे एमएमआरडीएचा खुलासा आला: गाडीची क्षमता 104 टन, प्रत्यक्षात वजन झालं 109 टन, त्यामुळे वीजपुरवठ्याचा संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी वाहिन्यांवर, व्हॉट्सॲपवर, लोकलच्या डब्यात एकच शब्द होता, ओव्हरलोड. आणि त्याच्या मागोमाग ठरलेली वाक्यं: लोकांना अक्कल नको का, गाडी भरलेली दिसत असताना चढलेच कशाला, आपल्याकडे शिस्तच नाही.

मराठीत अतिभार, जादा भार असे शब्द आहेत, पण ते पत्रकांपुरते. चेकनाक्यावर, शेअर रिक्षात, उसाच्या ट्रॉलीमागे अडकल्यावर आपण सगळे ओव्हरलोडच म्हणतो, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. हा शब्द आपल्या सार्वजनिक बोलण्यात वजन सांगण्यासाठी येतच नाही, तो जबाबदारी खाली उतरवून ठेवण्यासाठी येतो. ‘गाडी ओव्हरलोड झाली.’ पाऊस झाला, सकाळ झाली, तशी ती झाली. केली कुणी? भार नेहमी कशाच्या तरी तुलनेत जास्त असतो. ती मर्यादा कुणी ठरवली, ती ओलांडली जाते आहे हे कुणाला दिसत होतं आणि थांबवणं कुणाच्या हातात होतं, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय ‘ओव्हरलोड’ हे वाक्य अर्धवट आहे. आपण ते अर्धवटच बोलतो, आणि उरलेलं अर्धं प्रवाशाच्या, ड्रायव्हरच्या किंवा गर्दीच्या नावावर मांडतो.

मोनोरेलचंच बघा. 104 आणि 109 यांत फरक पाच टनांचा. सरासरी माणूस 65 किलोचा धरला तर साधारण पंचाहत्तर-ऐंशी माणसं. सहाशेच्या घरातल्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला आपण त्या शेवटच्या ऐंशीतले आहोत की पहिल्या पाचशेतले, हे कळणार कसं? त्याच्याकडे ना वजनकाटा, ना आकडा. स्थानकात तिकिटाशिवाय आत येता येत नव्हतं, फलाटावर कर्मचारी होते. म्हणजे मोजायची सोय होती ती चालवणाऱ्यांकडे. 109 हा आकडा नंतर सांगता आला, तर गाडी सोडताना का नाही? त्या घटनेनंतर, वजन मर्यादेपुढे गेलं तर गाडी थांबवून माणसं उतरवायचं ठरलं. ते आधीच ठरवता आलं असतं. आणि गंमत अशी, की फेब्रुवारी 2014 मध्ये सुरू झाल्यापासून हीच मोनोरेल ‘रिकामी धावते’ म्हणून चेष्टेचा विषय होती. अकरा वर्षं प्रवासी येत नाहीत म्हणून बोल लागले, आणि एका संध्याकाळी ते आले म्हणून.

आता याच शहरातल्या दुसऱ्या गाडीकडे वळू. नऊ डब्यांच्या लोकलची अपेक्षित प्रवासी-क्षमता सुमारे 1,700 मानली जाते. गर्दीच्या वेळी तिच्यातून 4,500 च्या वर माणसं जात आली आहेत. मोनोरेलचा जादा भार पाच टक्क्यांच्याही आत होता, इथे तो अडीच पटींच्या पुढे जातो. मग ही गाडी ओव्हरलोड झाली असं रेल्वेने कधी जाहीर केलंय? नाही. कारण रेल्वेकडे त्यासाठी दुसरा शब्द आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. दर चौरस मीटरला 14 ते 16 उभे प्रवासी, ही त्याची व्याख्या. एक चौरस मीटर म्हणजे चौकटीसकट कॅरमबोर्डाहून थोडी मोठी जागा. तिच्यावर सोळा माणसं, त्यांच्या पिशव्या, डबे आणि छत्र्यांसकट. हा शब्द कुणा वैतागलेल्या प्रवाशाने काढलेला नाही, तो नियोजनाच्या कागदांतला आहे. गाड्यांच्या स्प्रिंगा, बोगी, ब्रेक या भाराचा हिशेब धरून तयार केले जातात. म्हणून तांत्रिक अर्थाने लोकल कधीच ओव्हरलोड होत नाही. तिला काहीच होत नाही. जे व्हायचं ते आतल्या आणि दारातल्या माणसांचं होतं. अतिरेकाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र रकाना मिळाला, की तो अतिरेक राहत नाही, प्रमाण होतो. एके ठिकाणी पाच टक्क्यांना ओव्हरलोड म्हणायचं, दुसरीकडे अडीच पटीला वर्गवारी म्हणायचं. मग हा शब्द वजनावरून वापरला जातो, की कुणाला बचाव हवा आहे त्यावरून?

यावर जो सगळ्यात वजनदार आक्षेप येतो तो अभियंत्यांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, भार ही राजकीय कल्पना नाही, पदार्थविज्ञान आहे. पुलाला कुणाची बाजू कळत नाही. पन्नासच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांवर मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांतून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे भार वीस टक्क्यांनी वाढला तर नुकसान दुप्पट. 15 जून 2025 च्या रविवारी, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. तरी लोक पुलावर गेले, काहींनी दुचाक्याही घातल्या. लोकांनी जायला नको होतं हे कुणी नाकारू शकत नाही, मीही नाकारत नाही.

पण भार हे विज्ञान आहे हे मान्य केलं की पुढचं पाऊल टाकावंच लागतं. मर्यादा जर मोजून ठरते, तर ती मोजणारा, लिहिणारा आणि राखणारा कुणीतरी असलाच पाहिजे. कुंडमळ्याच्या पुलाचा धोका ज्यांनी मोजला होता त्यांनी फलक लावला, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती, काम मात्र सुरू झालं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी, पावसाळ्यात, पुण्याहून तासाभराच्या अंतरावर गर्दी होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पुलाच्या तोंडाला दोन खांब रोवून तो बंद करणं आणि त्यावर फलक लावणं यांत फरक आहे. पहिल्याने जीव वाचतो, दुसऱ्याने खुलासा करताना कामाला येईल असा कागद तयार होतो.

ही चाल नवी नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये जुनाट जहाजं विम्याच्या भरवशावर वाटेल तितकी भरून समुद्रात लोटली जात. पोचली तर नफा, बुडाली तर विमा. खलाशी त्यांना शवपेट्या म्हणत. एखाद्या खलाशाने सही केल्यानंतर असल्या जहाजावर चढायला नकार दिला, तर तुरुंगात जायचा तो. डर्बीचे खासदार सॅम्युएल प्लिमसॉल याविरुद्ध उभे राहिले. 1875 साली सरकारने विधेयक गुंडाळलं तेव्हा ते सभागृहातच संतापले, आणि त्या गदारोळानंतर 1876 च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा रंगवणं सक्तीचं झालं. रेषा पाण्याखाली गेली की जहाज जादा भरलं, लहान पोरालाही दिसेल असं. पण कायद्यात एक मेख होती. रेषा कुठे काढायची हे ठरवणार जहाजाचा मालक! एका कप्तानाने ती धुराड्यावर रंगवली अशी गोष्ट सांगतात. ती जागा ठरवण्याचा अधिकार मालकाच्या हातून काढून सरकारी नियमांनी बांधायला 1890 उजाडलं. म्हणजे खरी लढाई ‘जहाजं जादा भरू नका’ या उपदेशाची नव्हतीच. रेषा कोण काढणार, याची होती.

आपल्याकडेही रेषा हलतात. जुलै 2018 मध्ये केंद्राने अवजड मालवाहू वाहनांच्या वजनाची मर्यादा सुमारे 20 ते 25 टक्क्यांनी वाढवली. त्यामागे कारणं होती: रस्ते सुधारले, गाड्या सुधारल्या, वाहतूकखर्च कमी व्हायला हवा. ती अगदीच पोकळ नाहीत. पण काल ज्या वजनाला ‘ओव्हरलोड’ म्हणून पावती फाटली असती, तेच वजन आज ‘पासिंग’मध्ये बसतं, तर काल चेकनाक्यावर उभा केलेला ड्रायव्हर नेमका कसला गुन्हेगार होता? मोटार वाहन कायद्याचं कलम 194 गाडी चालवणाऱ्याबरोबर ती तशी चालवायला लावणाऱ्यालाही धरतं. 2019 पासून दंड वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. कायदा चांगला आहे. पण रात्री दोन वाजता काट्यावर गाडी लागते तेव्हा समोर असतो तो ड्रायव्हर. भाडं टनावर ठरवणारा, माल भरून देणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो.

दुसरा आक्षेप प्रवाशांबद्दलचा. 9 जून 2025 ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी एकमेकांना घासले, कितीतरी जण रुळांवर पडले आणि किमान चौघे गेले. त्या दिवशीच चर्चेचं गाडं पाठीवरच्या सॅकवर आणि लटकण्याच्या हौसेवर येऊन थांबलं. हौस असते, हे खरं आहे. रिकाम्या गाडीतही दांडा धरून बाहेर झुकणारी पोरं मी पाहतो, स्टंटचे व्हिडिओ काढणारी तर रोज. रेल्वे कायद्याच्या कलम 156 प्रमाणे पायरीवरून प्रवास हा गुन्हा आहे आणि तो असायलाही हवा. (पुढे मुंब्रा प्रकरणात रुळांच्या देखभालीवरून रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदला गेला, रेल्वेने तो आरोप नाकारला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल.) पण स्टंटवाल्या पोराच्या खात्यावर दिव्याहून निघालेल्या, आत शिरायला चार इंच जागा न मिळालेल्या माणसाचा मृत्यू जमा करायचा का? सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केलं आहे, की गाडीत चढताना-उतरताना पडलेल्याचा निष्काळजीपणा हा स्वतःहून करून घेतलेली इजा ठरत नाही आणि त्या कारणाने भरपाई नाकारता येत नाही. तरी ‘स्वतःच्या चुकीने पडला’ हा बचाव भरपाईच्या दाव्यांत पुन्हापुन्हा येतोच.

आणि शिस्त म्हणाल तर ती लोकलमध्ये जेवढी आहे तेवढी कुठल्या सरकारी कचेरीत सापडणार नाही. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, अर्धा बाकावर, अर्धा हवेत. त्याला ‘चौथी सीट’ असं रीतसर नाव आहे. ‘जरा सरका’ म्हटलं की तिघंही मोबाईलवरची नजर न काढता सरकतात. लेडीज डब्यात चढल्यावर पहिला प्रश्न ‘तुम्ही कुठे उतरणार?’ असा असतो. समोरची ठाणे म्हणाली की तिच्या जागेवर नंबर लागला, आणि तो नंबर नंतर आलेलीने मोडायचा नसतो. पुढच्या स्थानकावर उतरायचं असेल तर आधीच्या स्थानकापासून दाराकडे सरकायला लागायचं, नाहीतर पुढे जाऊन उलटं यायचं. कुणी शिकवलं हे? कुठल्या पत्रकाने? न पेलणारा भार वाटून घ्यायची ही व्यवस्था लोकांनी आपापसांत उभी केली आहे, तीही दुसऱ्याने लादलेल्या भारासाठी. त्यांना बेशिस्त म्हणायला फार वातानुकूलित स्टुडिओ लागतो.

तिसरा युक्तिवाद जास्त घातकी आहे, कारण तो शहाणपणाचा वाटतो: ओव्हरलोड गाडी नाही हो, शहरच झालंय. माणसंच फार आलीत, कितीही गाड्या वाढवा, भरणारच. या वाक्याचा शेवट सहसा ‘त्यांना आधी हाकला’ असा होतो, ‘ते’ कोण हे बोलणाऱ्यावर अवलंबून. आता जनगणना काय म्हणते पाहा. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन या जुन्या बेटाची, लोकसंख्या वाढली नाही, घटली: 33.38 लाखांवरून 30.85 लाखांवर. याच काळात जुना ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला. गिरणगाव 1982 च्या संपानंतर विझत गेलं, गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले, गिरणी कामगाराची पुढची पिढी डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. कचेऱ्या मात्र फोर्ट, परळ, बीकेसीतच राहिल्या. काम एका टोकाला आणि परवडणारं घर दुसऱ्या टोकाला ठेवून मधल्या गाडीत गर्दी झाली, की लोकसंख्येच्या नावाने खडे फोडायचे! गाडीतला भार हा जन्मदराचा किंवा स्थलांतराचा आकडा नाही, जमिनीच्या भावाचा आहे. बारा डब्यांच्या, पंधरा डब्यांच्या गाड्या आल्या, ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये सुरू झाली, ही कामं मोठी आहेत आणि रेल्वेला त्यांचं श्रेय द्यायलाच हवं. उपनगरी तिकीट स्वस्त आहे, त्यात रेल्वेला तोटा होतो, हेही खरं. पण घरं कुठे होणार आणि कचेऱ्या कुठे, हे रेल्वे ठरवत नाही. मग ठरवणारे या चर्चेत कधी दिसतात का?

जबाबदारी नेमकी ठेवली की हाच शब्द कसा सरळ होतो, याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा शासन निर्णय 2015 च्या जुलैत निघाला, आणि त्याची जबाबदारी मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांवर टाकली गेली. वर्षभराने चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेऊन आपल्या दप्तराचा हिशेब मांडला. निर्णय सगळीकडे पाळला गेला असं नाही. पण त्या मुलांना ‘तुम्ही एवढी पुस्तकं उचललीतच कशाला’ असं विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. उलट भारनियमनाच्या काळात आपण काय ऐकलं? विजेवर भार आहे म्हणून कपात. कपात कुणाला, तर जिथे गळती आणि थकबाकी जास्त त्या फीडरला, म्हणजे त्या भागाच्या वीजवाहिनीला. थकबाकी शेजाऱ्याची असली तरी अंधार बिल भरणाऱ्याच्याही घरात. भार सगळ्यांनी मिळून टाकला, कमी मात्र काहींच्याच घरात केला.

क्षमता ही निसर्गाची देणगी असल्यासारखं आपण बोलतो, ते 2017-18 मध्ये एल्फिन्स्टन रोडला उघडं पडलं. 29 सप्टेंबर 2017 च्या चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. पूल अरुंद आहे हे तिथून जाणारा प्रत्येक जण वर्षानुवर्षं सांगत होता. रेल्वेच्या चौकशीने बोट दाखवलं पावसाकडे. आणि मग लष्कराला बोलावून नवा पादचारी पूल बांधला, तो 27 फेब्रुवारी 2018 ला खुला झाला. पाच महिन्यांच्या आत! पाऊस कारण होता, तर पूल कशाला बांधला?

राहिला प्रश्न रेषेचा. ती कायद्यात आहे, आणि आजची नाही. रेल्वे कायद्याचं कलम 57 सांगतं, की प्रत्येक डब्यात जास्तीत जास्त किती प्रवासी नेता येतील हे रेल्वेने ठरवायचं आणि तो आकडा डब्यावर ठळक दिसेल असा हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लावायचा. 1890 च्या कायद्यातही हे कलम होतं. 1917 च्या सप्टेंबरात गांधीजी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने गेले. त्या प्रवासाबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यात डब्यावरचा आकडा आहे: 22. आणि रात्री आत असलेल्या माणसांचाही: 35. रेल्वेचे नोकर डब्यापाशी येत ते आणखी माणसं आत ढकलण्यासाठी, असंही त्यांनी नोंदवलं आहे. गांधीजींना ओव्हरलोड सिद्ध करता आला, कारण निदान 22 हा आकडा लिहिलेला होता. आज लोकलच्या डब्यात बसायच्या जागा किती ते लिहिलेलं दिसतं, पण उभ्यांसकट जास्तीत जास्त किती माणसं, हा आकडा मी तरी कुठे वाचलेला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये नवी दिल्ली स्थानकावर चेंगराचेंगरी होऊन माणसं मेली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने रेल्वेला याच कलमाची आठवण करून दिली आणि विचारलं, की डब्याची मर्यादा ठरलेली असताना तिच्यापेक्षा जास्त तिकिटं विकता कशी?

मुंबईतही हाच प्रश्न विचारावा. पायरीवर उभ्या राहणाऱ्यासाठी कलम 156 लावता, तर डब्यावरच्या आकड्यासाठी कलम 57 का नाही? रेल्वे म्हणेल, उपनगरी गाड्यांना हे लावलं तर सकाळची प्रत्येक फास्ट बेकायदा ठरेल, शहर ठप्प होईल, हे अव्यवहार्य आहे. कदाचित खरंच असेल. खुशाल म्हणावं. फक्त ते वाहिनीवरच्या प्रतिक्रियेत न म्हणता न्यायालयात, प्रतिज्ञापत्रावर म्हणावं: या डब्यात किती माणसं सुरक्षित नेता येतात हे आम्हाला ठाऊक आहे, त्याच्या किती पट आम्ही रोज नेतो तेही ठाऊक आहे, आणि तो आकडा दारावर लिहायला आमची तयारी नाही.